बंदुकीची पेटी : प्रवासाची वेगळी, मुक्कामाची वेगळी

जुन्या बंदुका, पिस्तुलं आणि त्यांच्या पेट्या यांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बरेचसे प्रश्न पावसाळ्यातल्या गंजाचे आहेत, त्यात नवल नाही. परवान्याचे प्रश्न पेटीपुरतेच घेतले आहेत.

प्रश्न : आजोबांची बारा बोअरची दुनळी वारशाने माझ्या परवान्यावर आली. चांगली म्हणून कडक प्लॅस्टिकची, आत अंड्यांच्या ट्रेसारखा उंचसखल फोम असलेली पेटी घेतली. मे महिन्यात बंदूक पुसून, तेल लावून पेटीत ठेवली आणि पेटी माळ्यावर टाकली. चवथीला उघडली तर दोन्ही नळ्यांवर ओळीने गंजाचे ठिपके. पेटी बंद होती, पाणी कुठून गेलं? – वाळपई

उत्तर : ठिपके ओळीने आहेत, यातच उत्तर आहे. फोमची उंच टोकं नळीला जिथे टेकली होती तिथेच गंज धरला. पेटीत मिळणारा तो मऊ, राखाडी किंवा काळा फोम बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. म्हणजे तो स्पंजच. तुम्ही लावलेलं तेल तो पंधरा-वीस दिवसांत शोषून घेतो, हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि तो ओलावा पोलादाला चिकटवून बसतो. काही वर्षांनी हा फोम स्वतःच कुजतो, चिकट होतो आणि त्याचा काळा राप निकलच्या मुलाम्यावरून काढताना जीव नकोसा होतो.

पाणी बाहेरून गेलंच पाहिजे असं नाही. मेअखेरीस वळवाच्या सरी सुरू झाल्यावर पेटी बंद केली तर ती दमट हवा आतच कोंडली जाते. त्याहून जास्त पाणी दस्त्याच्या लाकडात असतं (त्याचा हिशेब पुढच्या उत्तरात आहे). माळ्यावर दिवसा कौलं तापतात, लाकूड आणि फोम ओलावा सोडतात, रात्री नळी निवते आणि तो ओलावा तिच्यावर बसतो. रोज तेच. पेटी जितकी घट्ट, तितकं हे वाईट.

तेव्हा पहिला नियम हाच : कडक पेटी आणि फोम प्रवासासाठी असतात. धक्के सोसणं हे त्यांचं काम, चार-सहा तासांचं, फार तर दोन-तीन दिवसांचं. घरी पोचलात की बंदूक बाहेर काढायची, पुसायची आणि हवेशीर, कोरड्या, कुलूपबंद कपाटात उभी करायची. उभी करताना तोंड खाली आणि दस्ता वर. उलट ठेवली तर नळीतलं नि खटक्यातलं तेल ओघळून दस्त्याच्या मानेत मुरतं, तिथलं लाकूड काळं आणि मऊ पडतं. जुन्या दुनळ्या मानेतच तडकतात, त्याचं हे एक नेहमीचं कारण. तोंडाखाली कापडाची घडी ठेवा, म्हणजे नळीची कड दबणार नाही आणि तेलही टिपलं जाईल.

आता असलेल्या गंजाचं. पातळ बंदुकीचं तेल लावून २४ तास राहू द्या, मग जाडसर सुती कापडाने घासा. तेवढ्याने गेलं नाही तर चार शून्यांची पोलादी लोकर तेलात बुडवून, हलक्या हाताने, नळीच्या लांबीच्या दिशेने. पॉलिश पेपर, टूथपेस्ट, लिंबू, चिंच यांपैकी काहीही नको. तांब्याच्या भांड्यांचा न्याय इथे चालत नाही. निळा-काळा रंग एकदा गेला की गेला.

पेटी फेकायची गरज नाही, आतला फोम बदला. हवा तो पॉलिएथिलीनचा, बंद छिद्रांचा फोम. पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे तो ईपीई नावाने पांढऱ्या तावांत मिळतो. ओळखायच्या दोन खुणा : तुकडा तोंडाला लावून फुंका, हवा आरपार गेली तर तो नको असलेला, वर पाण्याचा थेंब टाका, थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर हवा असलेला. तळाला २५ मिलिमीटरचा सलग थर, मधे ५० मिलिमीटरचा, ज्यात नळ्या आणि दस्ता वेगवेगळे बसतील अशा खोबणी कापायच्या, आणि झाकणाला पुन्हा २५. खोबण भोवतीने ३ मिलिमीटर सैल ठेवा, कारण वर मांजरपाटाचं अस्तर येणार आहे. मांजरपाट आधी दोनदा धुऊन खळ काढायचा. खळ राहिली तर बुरशी आणि कसर दोन्ही येतात. अस्तर चिकटवू नका, फोमच्या फटीत खोचा. गोंदाची वाफ टळते आणि कापड धुताही येतं.

प्रश्न : पेटीत सिलिका जेलच्या किती पुड्या टाकायच्या? दुकानदार म्हणतो दोन पुरेत. निळे दाणे चांगले की केशरी? – मडगाव

उत्तर : बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. हिशेब करून पाहू. १३० × ३५ × १३ सेंटिमीटरची पेटी म्हणजे साधारण ६० लिटर हवा. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर या हवेत पाणी असतं जेमतेम दीड ग्रॅम. दुकानदार एवढंच मोजतो. पण दस्त्याचं आणि पुढच्या पकडीचं मिळून एक किलो लाकूड असेल, तर पावसाळ्यात त्यात वजनाच्या सतराएक टक्के पाणी असतं. ५० टक्के आर्द्रतेशी जुळवून घ्यायला त्याला नऊएक टक्क्यांवर यावं लागतं. म्हणजे लाकडातून सत्तर-ऐंशी ग्रॅम पाणी बाहेर येणार. साधं सिलिका जेल ५० टक्के आर्द्रतेला आपल्या वजनाच्या चौथाई पाणी धरतं. म्हणून ३०० ग्रॅम हा किमान आकडा. अस्तर आणि झाकणातून होणारी गळती धरून ४०० ग्रॅम घ्या.

खात्री म्हणून किलोभर टाकू नका. लाकूड झपाट्याने सुकतं, दस्त्याला केसासारखी चीर पडते, आणि मुळाशी घट्ट बसलेला खटक्याचा पत्रा सैल वाजू लागतो. आतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत हवी. ६५ च्या वर बुरशी आणि गंज, ४० च्या खाली लाकडाच्या तक्रारी.

दाणे केशरी घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला घातक आहे, घरात मुलंबाळं असताना कशाला? रंगापेक्षा वजनावर भरवसा ठेवा. कोरडं ४०० ग्रॅम जेल मांजरपाटाच्या दोन पिशव्यांत भरा, पिशवीवर कोरडं वजन लिहा आणि पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. दोन्ही मिळून ४८० ग्रॅमवर गेल्या की दमल्या. दाणे पिशवीतून काढून स्टीलच्या ताटात बोटभर जाडीने पसरा आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवा. तव्यावर भाजू नका, खालचे दाणे करपतात आणि वरचे ओलेच राहतात. जुलैच्या उन्हाची वाट पाहणाऱ्यांना काय सांगावं! दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत गार होऊ द्या आणि मगच पेटीत ठेवा, नाहीतर ताटातच पुन्हा ओलावा पितात. पिशवी धातूला टेकता कामा नये.

जेल दर आठवड्याला भिजत असेल तर दोष झाकणाच्या रबराचा. पाच रुपयांची नोट झाकणात अर्धी धरून पेटी बंद करा आणि ओढा. चारही बाजूंनी ती अडकली पाहिजे. किंवा रात्री दिवे मालवून पेटीत पेटलेली विजेरी ठेवा. उजेड दिसला तिथून हवा जाते.

आर्द्रता मोजायला छोटं डिजिटल हायग्रोमीटर ठेवा, पण घेतल्यावर आधी तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यात पाण्याचे थेंब टाका, ओल्या वाळूइतकं ओलं करा, विरघळवू नका. बूच आणि मीटर घट्ट पिशवीत बारा तास एकत्र ठेवा. मीटरने ७५ दाखवायला हवं. ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवा.

प्रश्न : आमच्याकडे तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने बार उडवायची, जुनी बंदूक आहे, लांबी साडेपाच फूट. बाजारात एवढी लांब पेटी मिळत नाही. सुताराकडून करून घ्यायची तर लाकूड कोणतं? फणस चालेल का? – डिचोली

उत्तर : पेटीआधी दोन गोष्टी.

पहिली, ती भरलेली नाही याची खात्री. ठासणीच्या जुन्या बंदुका बार ठासलेल्या अवस्थेतच खुंटीवर टांगल्या जात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. लाकडी किंवा पितळी गज नळीच्या तोंडातून अलगद तळापर्यंत सोडा, तोंडाशी पेन्सिलीने खूण करा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून ठेवा. गजाचं आतलं टोक कानापर्यंत, म्हणजे बार पेटवायच्या भोकापर्यंत आलं तर नळी रिकामी. तीन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. टोचू नका, खरवडू नका, पाणी ओतून आपणच सोडवू असंही नको. तोंड माणसांपासून दूर ठेवून पोलिसांना कळवा. हे सगळं करताना नळीच्या समोर कुणी, तुम्हीसुद्धा, उभं राहायचं नाही.

दुसरी, कागद. जुनी आहे म्हणून परवाना लागत नाही हा समज गोव्यात फार घट्ट रुतला आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुन्या घडणीच्या, पुराणवस्तूमोलाच्या किंवा मोडक्या अशा हत्यारांना, जी दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत. नुसतं वय पुरत नाही. तुमची बंदूक त्यात बसते का, हे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून लेखी घ्या आणि त्याची प्रत पेटीच्या झाकणात ठेवा.

आता पेटी. फणस काय, सागवान काय, कुठलंही लाकूड बंद जागेत थोडीफार आम्लाची वाफ सोडतं आणि नवं लाकूड जास्त सोडतं. ओक सगळ्यात वाईट. साध्या प्लायवुडच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड निघतं, त्याची गतही तीच. म्हणून आमची शिफारस लाकडाची नाहीच : अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर ४ मिलिमीटरचं एसीपी, म्हणजे दुकानांच्या पाट्यांना लावतात ते पत्रे. दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियम, मधे पॉलिएथिलीन. त्यातून वाफ येत नाही, वाळवी लागत नाही. १८० × २५ × २० सेंटिमीटरच्या पेटीला साधारण पावणेदोन चौरस मीटर पत्रा लागतो, त्याचं वजन साडेनऊ किलोच्या आसपास. १२ मिलिमीटर प्लायची तेवढीच पेटी तेरा-चौदा किलोंवर जाते, आणि ती उचलणाराही लागतो.

सांध्यांत सिलिकॉन भरायला सांगाल तेव्हा न्यूट्रल जातीचं मागा. स्वस्त सिलिकॉन सुकताना विनेगरचा वास येतो, कारण त्यातून तेच आम्ल सुटतं. विंदालूला ते ठीक, पोलादाला नाही. सांधे भरल्यावर पेटी उघडी ठेवून पंधरा दिवस वास जाऊ द्या.

सुतार घरचाच आणि प्लाय घेऊन झालंय, तर मरीन प्लाय वापरून आतल्या सगळ्या बाजू आणि कडा अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने मढवा. नुसतं व्हर्निश पुरत नाही. पीव्हीसीचा पाइप कापून नळकांडं करायची युक्तीही काहीजण विचारतात. प्रवासापुरती चालेल, वर्षभर ठेवायला नको, पीव्हीसी जुनं होताना आम्ल सोडतं. रेक्झिनच्या खोळीलाही हेच लागू.

बंदूक तळावर आडवी पसरू नका. पॉलिएथिलीन फोमचे दोन आधार, एक खटक्याच्या थोडा पुढे आणि दुसरा तोंडापासून एक तृतीयांश अंतरावर, इंग्रजी यू अक्षरासारखे कापलेले. खटका, कान आणि त्याचं झाकण कशालाही टेकता कामा नये, सगळा भार नळी आणि लाकडावर. दोन्ही टोकांना सहा-सहा सेंटिमीटर मोकळी जागा आणि तीत फोम. जुन्या तोड्याच्या बंदुकांत नळी लाकडाला चामड्याच्या वाद्यांनी किंवा तारेच्या कड्यांनी बांधलेली असते. आधार त्या बांधणीखाली देऊ नका. वादी कोरडी पडून तुटली तर तुटलेलीही टाकू नका, पाकिटात घालून पेटीतच ठेवा.

जाता जाता, तुमच्या बंदुकीचं कूळ शोधायचं असेल तर एक धागा : आल्बुकर्कने १५१३ च्या सुमारास पोर्तुगालच्या राजाला लिहिताना गोव्यात घडणाऱ्या बंदुका बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या असल्याची फुशारकी मारली होती. इथल्या कारागिरांचा हात तेव्हापासूनचा आहे. अर्थात घरातली बंदूक तेवढी जुनी असेलच असं नाही.

प्रश्न : दोन पिस्तुलांची लाकडी पेटी, आत हिरवं लोकरी कापड, शिशाच्या गोळ्यांचा कप्पा, दारूची पितळी कुपी. गोळ्यांवर पांढरी भुकटी आली आहे आणि मुठीवरची चांदीची नक्षी काळी पडली. पेटीच बदलावी का? – फोंडा

उत्तर : पेटी टाकू नका, ती त्या संचाचा निम्मा इतिहास आहे. झाकणाच्या आत कारागिराचा छापील कागद असेल तर त्याहून जास्त. पण वस्तू तिच्यात ठेवूही नका.

पांढरी भुकटी म्हणजे शिशाचा गंज, लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने आलेला. बहुधा पेटी ओकची असेल. भुकटी विषारी आहे : फुंकू नका, झटकू नका. नायट्रिलचे हातमोजे घालून गोळ्या उचला, झिपच्या पॉलिएथिलीन पिशवीत घाला, कप्पा ओल्या कापडाने टिपून घ्या आणि ते कापडही पिशवीत बंद करून टाका. चांदी काळी पडली ती लोकरीमुळे. लोकरीत गंधक असतं. फेल्ट आणि रबरही तेच करतात. चांदी पॉलिशने उजळायची घाई नको, कोफ्तगिरीतला, म्हणजे पोलादावर ठोकून बसवलेल्या नक्षीतला, चांदीचा पत्रा कागदापेक्षा पातळ असतो आणि दोन-चार पॉलिशांत निघून जातो.

पिस्तुलं धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून परवान्यातल्या इतर हत्यारांसोबत कपाटात ठेवा. प्रदर्शनात पेटी मांडायची झाली तर तेवढ्या दिवसांपुरती, खाली पारदर्शक पॉलिएस्टरची फिल्म कापून घालून. आणि कुपी हलवून पाहा. आत काही खुळखुळलं तर ती दारू असू शकते. उघडण्याआधी पोलिसांना कळवा.

प्रश्न : परवान्यावरची जुनी रायफल विमानाने दिल्लीला न्यायची आहे. कोणती पेटी घ्यावी? विमानतळावर काय होतं? – म्हापसा

उत्तर : परवान्यावरचं क्षेत्र आधी वाचा. तो गोव्यापुरता असेल तर पेटी कितीही भारी असली तरी तुम्ही पत्रादेवीच्या पलीकडे जाऊ शकत नाही. क्षेत्रवाढ किंवा नेण्याची परवानगी आधी मिळवावी लागते.

पेटी कडक, सलग साच्यातली, झाकणाला गोल रबर असलेली आणि हवा सोडायचा वॉल्व्ह असलेली घ्या. वॉल्व्ह शोभेचा नाही. वर गेल्यावर पेटीतली हवा बाहेर पडते, खाली उतरल्यावर बाहेरचा दाब झाकण दाबून धरतो. वॉल्व्ह नसेल तर दिल्लीत झाकण उघडायला पेचकस लावावा लागतो आणि त्यात रबर फाटतं. पेलिकनसारख्या पेट्यांवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. एवढी चैन नको असेल तरी कुलपासाठी किमान दोन भोकं हवीत, तीही धातूने मढवलेली. नुसत्या प्लॅस्टिकच्या भोकातून कुलूप पिळलं की कड तुटते. कुलपाची दांडी भोकात जेमतेम मावेल इतकी जाड, सहा ते आठ मिलिमीटर. बारीक दांडी आणि मोठं भोक असेल तर झाकणाचा कोपरा उचलून हात आत जातो. दुकानातच कुलूप लावून कोपरे ओढून पाहा.

वजनाचाही विचार करा. लांब पेटी रिकामीच सात-आठ किलोंची असते, रायफल चार, फोम आणि कुलपं धरून बारा-तेरा. देशांतर्गत प्रवासाला बहुतेक तिकिटांवर १५ किलो मिळतात, म्हणजे कपड्यांची बॅग जादा वजनात.

तिकीट काढल्यावर विमान कंपनीला लेखी कळवा. प्रत्येकीचे नियम सारखे नाहीत, काही शुल्क घेतात, काही उड्डाणांवर नाहीच म्हणतात. दाबोळीहून की मोपाहून, हेही त्याच वेळी सांगा आणि नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. हत्यार हातातल्या बॅगेत कधीच जात नाही. काउंटरवर परवाना दाखवून ते रिकामं असल्याचा फॉर्म भरायचा. सुरक्षा कर्मचारी तपासतील, म्हणून कुलपं तोवर लावू नका. मात्र बोल्ट काढून वेगळ्या खोबणीत ठेवलेला असावा, म्हणजे रिकामी आहे हे बघताक्षणी कळतं. काडतुसं वेगळ्या, मूळ किंवा मजबूत खोक्यात. आंतरराष्ट्रीय विमान नियमांत एका प्रवाशाला बांधणीसह ५ किलोंपर्यंतची मर्यादा आहे, तुमची कंपनी त्याहून कमी मानत असेल तर तिचं चालतं. काळी दारू आणि ठासणीच्या टोप्या विमानात अजिबात नेता येत नाहीत, कुपीत तळाला राहिलेली चिमूटभरसुद्धा नाही.

परदेशी प्रदर्शनाचं निमंत्रण आलं असेल तर थांबा : १०० वर्षांहून जुनी पुरावस्तू १९७२ च्या कायद्यानुसार खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

परतल्यावरची चूक सगळेच करतात. विमानाच्या पोटातून किंवा गार गाडीतून आलेली पेटी घरात आल्या आल्या उघडायची. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास असतो. नळी त्याहून गार असेल तर बघता बघता तिच्यावर, आणि आतूनही, दव धरतं. पेटी बंदच ठेवून तीन-चार तास खोलीचं तापमान घेऊ द्या. मग उघडा, पुसा, तेलाचा हात फिरवा. वातानुकूलित खोलीतून बाल्कांवात (ओसरीवर) पाहुण्यांना दाखवायला बंदूक आणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

प्रश्न : कुळागरात (पोफळीच्या बागेत) खेती, म्हणजे माकडं, आणि रानडुकरं येतात म्हणून एकनळीचा परवाना आहे. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करावी लागते. मागच्या वेळी नुसती गोणपाटात दिली, परत मिळाली ती तांबडी होऊन. आता पेटीत घालून द्यावी का? – सांगे

उत्तर : कडक पेटी देऊ नका, तिथे जागा नसते आणि ती खाली जाऊन वर दुसऱ्यांच्या बंदुका रचल्या जातात. गोणपाट मीठ आणि पाणी दोन्ही धरतो. नळी आतून-बाहेरून पुसून तेलाचा पातळ, सलग थर द्या, तोंडात मेण लावलेल्या कापडाचा सैल बोळा आणि त्याला बाहेर लोंबणारी तांबडी फीत (बोळा विसरून बार काढला तर नळी फुटते, म्हणून फीत). मग गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या कागदाची, व्हीसीआय नावाने मिळते ती पिशवी, आणि वर कॅनव्हासची खोळ. पिशवी बंद राहिली तर असा कागद वर्षभर सहज काम देतो. ठाण्यात तपासणीसाठी उघडावी लागते, म्हणून पिशवीला टाके नकोत, दुमडून दोरी बांधा. खोळीवर परवाना क्रमांक आणि बंदुकीचा क्रमांक पक्क्या शाईने लिहा. पावतीवर अवस्थेची एक ओळ लिहून मागा : ‘नळी स्वच्छ, दस्ता अखंड.’ देताना चार फोटो काढा.

नेताना खोळ लागतेच. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी बंदूक पूर्ण झाकलेली आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असायला हवी. स्कूटरला आडवी बांधून चहाला थांबणं यात बसत नाही.

प्रश्न : खोबरेल तेल लावलेलं चालतं का? आणि पेटीत डांबरगोळ्या? – काणकोण

उत्तर : दोन्ही नको. खोबरेल हवेने खवट आणि घट्ट होतं, खटका अडकवतं आणि पितळेवर हिरवा राप आणतं. प्रवासाला पातळ खनिज तेल, मुक्कामाला संग्रहालयांत वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण, रेनेसाँ वॅक्स नावाने मिळतं, पोलाद, पितळ, लाकूड तिन्हींना चालतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, पण त्याचा थर टिकत नाही. डांबरगोळीची वाफ व्हर्निश आणि काही प्लॅस्टिकं मऊ करते.

प्रश्न : पेट्या सोडून सरळ लोखंडी कपाट घ्यायचं ठरवलं. घर चिरेबंदी, जुनं. कपाट कुठे आणि कसं बसवायचं? – पेडणे

उत्तर : योग्य ठरवलंत. बाहेरच्या भिंतीला नको. पावसाळ्यात चिरा पाणी पितो आणि कपाटाची पाठ तेच घेते. आतल्या भिंतीपासून ८ सेंटिमीटर अंतर, खाली जमिनीपासून ५ सेंटिमीटर उंची. चिऱ्यात साधा फास्टनर धरत नाही, आवळला की भोक मोठं होऊन भुगा येतो. जमीन काँक्रीटची असेल तर १२ मिलिमीटरच्या चार बोल्टांनी तळ जमिनीला जखडा. नसेल तर आतल्या भिंतीतून आरपार दांडे घालून पलीकडे लोखंडी पट्टी लावा, किंवा रासायनिक अँकर वापरा.

आत जेलऐवजी विजेचा गरम दांडा सोयीचा, १५ वॅटच्या आसपासचा, तळाशी आडवा. तो पाणी शोषत नाही, हवा तापवतो : २८ अंशांवर ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा ३३ अंशांवर नेली की आर्द्रता ६४ टक्क्यांवर येते. ६४ हा आकडा अजून काठावरचाच आहे, म्हणून वरच्या फळीवर जेलच्या पिशव्याही असू द्या आणि दांडा चोवीस तास चालू ठेवा. वायर आत न्यायला पाडलेलं भोक रबरी बुचाने बंद करा. वीज गेली तर दार उघडू नका. घट्ट बंद होणाऱ्या पेटीत मात्र हा दांडा कधी घालू नका, तो लाकडातलं पाणी बाहेर काढतो आणि ते तिथेच कोंडून ठेवतो.

काडतुसं वेगळ्या कुलपाच्या वेगळ्या कप्प्यात. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला, वारशाच्या धरूनही, दोनच बंदुका ठेवता येतात, नेमबाजांना वेगळे नियम आहेत. तेव्हा सहा खाचांचं मोठं कपाट दाखवणाऱ्या विक्रेत्याला तीन खाचांचं मागा. तिसऱ्या खाचेत साफ करायचे गज राहतील.